देठ जरा मोठा झाला

आमच्या घरात सासऱ्यांच्या चुका काढायचा अधिकार फक्त मला आहे, आणि तो त्यांनी स्वतः दिलेला आहे. पांढरकवड्यात हे मी कोणाला सांगितलं की समोरचा माणूस जरा वेळ माझ्याकडे पाहतो आणि मग कापसाच्या भावाबद्दल बोलायला लागतो.

त्याचं कारण आमचे मामाजी. (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात.) त्यांनी सगळी उमर ट्रक चालवण्यात घालवली. नागपूर-हैदराबाद रस्ता त्यांना इतका पाठ की कोणत्या ढाब्यावरचं कुत्रं चावतं आणि कोणतं नुसतं भुंकतं, हेसुद्धा ते सांगतील. अशा माणसाला 'जरा डावीकडून घ्या' म्हणायची छाती त्यांच्या एकाही क्लीनरला झाली नाही. घरात तर भाजी खारट झाली तरी ते जेवून उठेपर्यंत कोणी तोंड उघडत नसे. ते उठले की मग सगळे मिळून पाणी प्यायचे!

आणि मी पडले चित्रकलेची शिक्षिका. चुका काढणं हाच माझा धंदा. शाळेत रोज इतके वाकडे आंबे, चपटे सूर्य आणि घरापेक्षा उंच कोंबड्या पाहते की नजर तशीच झाली आहे. कोणाची लग्नपत्रिका आली तर मी आधी गणपतीची सोंड प्रमाणात आहे का ते पाहते, लग्न कोणाचं आहे ते नंतर.

दोन वर्षांमागे मामाजींना लकव्याचा झटका आला. सौम्यच होता, पण उजवा हात लुळा पडला. चमचा धरला तर वरण मांडीवर. डॉक्टरांनी हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू दाबायला दिला. मामाजींनी तो एकदाच दाबला, 'चेंडू खेळायचं वय राह्यलं का माह्यं' असं म्हणाले आणि गल्लीतल्या कुत्र्याला देऊन टाकला. (कुत्र्याचा जबडा मात्र त्यानंतर चांगलाच मजबूत झाला.) मग ते दिवसभर खाटेवर पडून भिंतीकडे पाहत राहायचे. येणारे-जाणारे 'आता तब्येत मस्त दिसून राह्यली' म्हणून चहा पिऊन जायचे. मामाजी हूं की चूं करायचे नाहीत. त्यांचं ते गप्प राहणं आम्हाला त्यांच्या रागापेक्षा जड जायला लागलं.

एका दुपारी मी त्यांच्यापुढे पॅडला लावलेला कागद ठेवला, हातात पेन्सिल दिली आणि उभ्या रेघा काढायला सांगितल्या. पेन्सिल त्यांनी गिअरसारखी पकडली. रेघ वरून निघाली, मधे थरथरली, एका बाजूला कलली आणि कागद सोडून थेट चादरीवर उतरली. अशा रेघांनी पान भरल्यावर त्यांनी ते माझ्याकडे दिलं. आता शहाण्या सुनेनं काय करावं? पण माझा हात सवयीनं पर्समध्ये गेला, लाल पेन निघाला आणि मी धडाधड खुणा करत सुटले. ही वाकली. इथे हात अडला. इथे पेन्सिल जास्त दाबली. बोटांनी नाही, खांद्यापासून हात फिरवा.

बोलून झाल्यावर मी मान वर केली. सासूबाई दारात तुरीची डाळ पाखडायचं सूप घेऊन थिजल्या होत्या. आमचे हे मोबाइलमध्ये काहीतरी पाहत होते आणि मोबाइल उलटा धरलेला होता. मामाजींनी एकेका लाल खुणेवर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाले, "दुसरा कागद दे."

नंतर सासूबाईंनी मला सांगितलं, की त्या दिवशी मामाजी त्यांना म्हणाले होते, सारे लोक माह्याशी आजाऱ्यासारखे गोड बोलून राह्यले, ही एकटी पोरगी मले सांगते कुठं वाकलं ते. वाकलं कुठं ते समजलं तरच सरळ होईन ना. सासूबाईंनी हे मला भांडी विसळता विसळता सांगितलं म्हणून बरं झालं. नळाच्या पाण्यात माझं नाक ओढणं ऐकू गेलं नाही.

तेव्हापासून रोजचा नेम झाला. उभ्या रेघा, आडव्या रेघा, तिरप्या रेघा, मग गोल, मग लंबगोल. संध्याकाळी मी शाळेतून आले की मामाजी पॅड घेऊन ओसरीवर तयार. लाल खुणा कमी निघाल्या तर संशयानं विचारायचे, "नीट पाह्यलं का?"

हात सुधारत गेला तशी मामाजींची नजरही सुधारत गेली, आणि आमच्या घरावर संकट आलं. पोळी ताटात पडली की ते बोट ठेवून सांगायचे, हा गोल नाही, लंबगोल आहे. यांच्या मिशीची डावी बाजू उजवीपेक्षा जाड निघाली. समोरचा विजेचा खांब कललेला निघाला, त्यासाठी त्यांनी वायरमनला बोलावून घेतलं आणि पेन्सिल डोळ्यासमोर उभी धरून त्याला अर्धा तास समजावलं. शेजारच्या वहिनींची रांगोळी तर त्यांनी इतक्यांदा सुधरवली, की बिचारी मामाजी आंघोळीला गेल्याचा आवाज ऐकूनच रांगोळीचा डबा घेऊन बाहेर यायला लागली. सगळे म्हणायचे, हे हिनं शिकवलं. मला आतून गुदगुल्या व्हायच्या. आपला विद्यार्थी असा तयार झालेला पाहून कोणत्या शिक्षिकेला आनंद होणार नाही?

मग मी त्यांना वस्तूचित्रावर आणलं. समोर वस्तू ठेवायची, आधी बाहेरचा आकार काढायचा, मग सावली भरायची, आणि बारकावे एकदम शेवटी. लोटा झाला, कांदा झाला. पुढची पाळी वांग्याची होती, आणि नेमकं त्याच रविवारी आमच्या वैशूला पाहायला पाहुणे येणार होते.

वैशू माझी धाकटी नणंद. याआधी तिला पाहून गेलेल्यांपैकी कोणाला तिची उंची जास्त वाटली होती, कोणाला तिची नोकरी. ती आता या प्रकाराला इतकी कंटाळली होती की पोह्यांची प्लेट समोर ठेवताना बँकेत चेक जमा करावा तसा चेहरा करायची. या वेळचा मुलगा उमरखेडला जनावरांचा डॉक्टर होता. अमोल त्याचं नाव. घर महागावचं, चांगली कापूस-सोयाबीनची शेती. वडील दौलतराव म्हणजे भारदस्त काम: वर पांढरी टोपी, खाली रुंद होत गेलेला चेहरा, झुबकेदार मिशी आणि उजव्या गालावर मोठा तीळ. बोलणं अगदी मोजकं. त्यांच्या सौभाग्यवती मात्र दारातून आल्या आल्या गप्पांत रमल्या.

मामाजींना सकाळीच मी एक छानसं गोल वांगं स्टुलावर मांडून दिलं होतं. पाहुण्यांच्या गडबडीत कोणाच्या पायात येऊ नये म्हणून बैठकीच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी. पाहुणे आले, नमस्कार झाले, मामाजींनी मांडीवर पॅड तसंच ठेवलं. हातासाठी व्यायाम करतो, असं त्यांनी सांगितलं, आणि पाहुण्यांनीही काढा काढा म्हटलं.

इथून पुढे जे झालं त्याची मला काहीही कल्पना नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते. पाहुणे जेवायला थांबणार असं ठरल्याबरोबर सासूबाईंना भरल्या वांग्यांच्या भाजीत एक वांगं कमी पडलं. त्या बैठकीत आल्या, पदर सावरत स्टुलावरचं वांगं उचललं आणि आत घेऊन गेल्या. मामाजींच्या समोरची वस्तू गेली! कागद कोरा, पेन्सिल हातात, आणि वांगं गेल्यामुळे स्टुलाच्या मागे बरोबर खिडकीच्या उजेडात दिसत होते दौलतराव.

मी स्वयंपाकघरात होते. कढईच्या वाफेनं चष्मा धुरकटला म्हणून तो काढून फ्रीजवर ठेवला होता. वैशू आणि अमोल गच्चीवर बोलायला गेले होते. मी चहाचे कप न्यायला बैठकीत आले, तेवढ्यात मामाजींनी खुशीत येऊन पॅड माझ्याकडे केलं. "सूनबाई, हे पाह्य."

मी पाहिलं. बिनचष्म्याचं, पण शिक्षिकेच्या आत्मविश्वासानं. कागदाच्या मधोमध वर निमुळतं, खाली फुगलेलं, एका बाजूनं गडद छाया भरलेलं... वा! इतका भरीव आकार मामाजींच्या हातून याआधी उतरला नव्हता. आनंदानं मी पाहुणेबिहुणे विसरले आणि वर्गात बोलते तशा खणखणीत आवाजात सुरू झाले.

मी म्हटलं, वजन छान आलं आहे. खालचा फुगीर भाग तर इतका खरा उतरलाय की हातात घ्यावंसं वाटतं. फक्त देठ जरा मोठा झाला. एवढ्याशा वांग्याला एवढा देठ शोभत नाही. मामाजी खाकरले. मी त्यांना म्हटलं, आधी ऐकून घ्या, शंका शेवटी. (हा माझ्या वर्गाचा नियम आहे.) मग मी म्हटलं, ही बाजूची दोन पानं काढून टाका, तोडलेल्या वांग्याला पानं नसतात. आणि इथे मधे हे आडवं काळं काय आहे? चिरताना भेग पडली का? आमच्या ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं कप घ्यायला वाकताना चुकून लागला. मी पुढे गेले. म्हटलं, आणि मामाजी, ही कीड तुम्ही कशाला दाखवली? किडकं वांगं चित्रात घेऊ नये, डोळ्याला बरं दिसत नाही.

बैठकीत सगळं शांत झालं होतं. ती शांतता मला कौतुकाची वाटली. इतकी की मी पॅड दौलतरावांपुढे धरलं आणि हसून म्हटलं, "तुम्हीच सांगा काका, वांगं जमलं की नाही?"

दौलतरावांनी पॅड घेतलं, मी कपांचा ट्रे उचलला. खिशातून चष्मा काढून लावला. चित्र पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून तिच्याकडे पाहिलं, परत चित्राकडे पाहिलं, आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"जमलं ना," ते म्हणाले. "ह्या वांग्यानं आत्ताच तुमच्या घरचा चहा पेला."

मला वाटतं, त्या क्षणी मी कपांचा ट्रे खाली ठेवला नाही, तो आपण होऊन खाली गेला. टोपी! कान! मिशी! आणि तो तीळ, ज्याला मी... पुढचं मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी फुटलेले कप गोळा करायला खाली बसले आणि शक्य तितका वेळ खालीच राहिले. डोळे आणि नाक नव्हते हो चित्रात! बारकावे शेवटी काढायचे, असं शिकवणारी मीच होते.

आता तरी देवानं हात आखडता घ्यावा की नाही? पण जेवणाची पानं मांडली होती, आणि सासूबाईंना स्वयंपाकघरात यातला एक शब्द ऐकू गेला नव्हता. त्यांनी मोठ्या अगत्यानं दौलतरावांच्या ताटात भरलं वांगं वाढलं, अगदी देठासकट. सगळ्या पंगतीनं आधी त्या वांग्याकडे पाहिलं, मग दौलतरावांकडे, आणि मग आपापल्या ताटाकडे. अमोल आणि वैशू गच्चीवरून हसतमुखानं खाली आले होते. त्यांना काही कळेना, की सगळे असे सुतक असल्यासारखे का जेवत आहेत. सासूबाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, दादा, अजून एक वांगं घ्या ना, तुम्ही तर काहीच घेतलं नाही.

"नको," दौलतराव म्हणाले. "आज पाहूनच पोट भरलं."

जाताना त्यांनी तो कागद मागून घेतला नाही, सरळ पॅडवरून काढला, घडी न घालता हातात धरला आणि गाडीत जाऊन बसले. त्यांच्या सौभाग्यवती तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मला वाटलं, रडतात की काय.

नंतर फोन आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. घरात मला कोणी काही बोललं नाही, आणि तेच सोसवेना.  एकदा फक्त कपड्यांच्या घड्या घालताना, माझ्याकडे न पाहता वैशू म्हणाली, "वहिनी, हा मुलगा मले आवडला होता." आणि पंधरा वर्षं पोरांना 'नीट पाहा, नीट पाहा' म्हणून ओरडणारी बाई मी.

शेवटी मामाजीच उठले. म्हणाले, चित्र मी काढलं, आपण जाऊन माफी मागू. मी म्हटलं, बोलले तर मी. ते म्हणाले, मग दोघंही चला. यांनी गाडी काढली. घाटंजी, आर्णी, महागाव. रस्ताभर मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्यात कुठून तरी वांगं येत होतं.

दौलतरावांच्या बैठकीत पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबले. समोरच्या भिंतीवर, चांगल्या जागी, काचेच्या फ्रेममध्ये ते चित्र लावलेलं होतं. मी माफीचं पहिलं वाक्य सुरू केलं, तर काकूंना मला पाहूनच हसू फुटलं. त्या पदर लावून रडत नव्हत्याच त्या दिवशी! दौलतरावांनी सांगितलं, की गाडीत बसल्यावर ते रागानं फुगले होते, पण ही बाई पांढरकवड्यापासून जी हसत सुटली ती आर्णी आली तरी थांबेना. हसता हसता म्हणे, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मले सांगता येत नव्हतं तुम्ही कशासारखे दिसता. मग आर्णीच्या पुढे त्यांनाही हसू आवरलं नाही.

मग फोन का केला नाही, असं आमच्या ह्यांनी विचारलं. तर दौलतराव जरा ओशाळले. म्हणाले, "तुमचं चित्र न इचारता उचलून आणलं. कोणत्या तोंडानं फोन करू?"

म्हणजे तिकडे ते लाजत बसले होते, इकडे आम्ही, आणि मधे ती दोन पोरं बिचारी मोबाइलकडे पाहत!

चहा झाल्यावर दौलतराव आपण होऊन बोलले. एवढं सलग बोलताना मी त्यांना त्यानंतरही पाहिलेलं नाही. "माह्या घरात मी बोललो की सारे मान खाली घालतात," ते म्हणाले. "मले वाटे हाच मान आहे. तुमच्या घरी पाह्यलं, सून सासऱ्याची चूक काढून राह्यली अन् सासरा ऐकून घेऊन राह्यला. पाहुण्यांसमोर. मी मनात म्हटलं, अशा घरची पोरगी आपल्या घरी पाह्यजे."

मामाजींनी कप खाली ठेवला. मग त्यांनी उजवा हात पुढे केला, पालथा केला, उलटा केला. "ह्या हातानं घास तोंडात जात नव्हता, दौलतराव," ते म्हणाले. "हिनं लाल पेन लावला म्हणून तुमचं थोबाड निघालं." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझ्याकडे पाहून मान अशी लववलेली ती पहिलीच वेळ. मी पुन्हा कप गोळा करायला खाली वाकले. या वेळी कप फुटले नव्हते, पण वाकणं गरजेचं होतं.

मग दौलतरावांनी भिंतीवरची फ्रेम काढली आणि डोळे, नाक राहिलेत तेवढे पुरे करून द्या म्हणाले. मामाजींनी तिथेच बसून केले. मी चष्मा लावून, ओठ घट्ट मिटून समोर बसले. डावा डोळा उजव्यापेक्षा वर गेला. मी अक्षर काढलं नाही. त्या चित्रातले दौलतराव आजही महागावच्या भिंतीवरून एका डोळ्यानं आढ्याकडे पाहतात.

साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) महागावलाच झालं. वैशू इतकी हसत होती की फोटोग्राफरला तिला थोडं गंभीर व्हायला सांगावं लागलं. मला त्या घराचे उपकार कसे फेडावे ते कळत नव्हतं, म्हणून मी ठरवून गेले होते, की आज कशातही खोट काढायची नाही. आणि नेमकं दौलतरावांनी साऱ्या भाऊबंदांना सांगून ठेवलेलं, चित्रकलेच्या मोठ्या मॅडम येणार आहेत! जेवणं आटोपली आणि नातेवाइकांची पोरं कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. पाच पायांची गाय आली, मी म्हटलं फारच सुंदर. जमिनीपासून वर तरंगणारं घर आलं, मी म्हटलं फारच सुंदर. मामाजी शेजारी बसून अस्वस्थपणे चुळबुळ करत होते, पण मी ठाम होते.

शेवटी दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी आली. तिनं कागद माझ्या हातात ठेवला. मी मायेनं पाहिलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हटलं, "फारच सुंदर. असंच काढत राहा."

तिनं माझ्या हातातून कागद घेतला, उलटा केला आणि परत दिला.

"मॅडम," ती म्हणाली, "चित्र ह्या बाजूनं हाय."